साहेबांच्या शिळेवरचं वाक्य

पेठ रोडवरून आमच्या कॉलनीत वळलं की उजव्या हाताला उंबराखाली काळ्या ग्रॅनाइटची एक शिळा उभी आहे. वर साहेबांचं नाव आहे, त्याखाली 'नागरी हक्कांसाठी झटलेले न्यायाधीश' असं आहे, आणि सगळ्यांत खाली सोनेरी अक्षरांत, त्यांच्या निकालपत्रातलं म्हणून, एक वाक्य कोरलेलं आहे. ते वाक्य साहेबांचं नाही. साहेबांनी ते आयुष्यात एकदाच उच्चारलं, आणि तेही खोडून काढण्यासाठी. ते तिथे मी घातलं. दूध आणायला रोज सकाळी मला त्या शिळेसमोरून जावं लागतं, आणि मी मान खाली घालून जातो.

मी कोर्टात स्टेनो होतो. साहेब नाशिकला दोनदा बदलून आले आणि दोन्ही वेळा त्यांचं डिक्टेशन माझ्याकडेच होतं. लोकांना वाटतं, एवढे निकाल ज्याने उतरवून घेतले तो निम्मा वकील झाला असेल. कसला वकील! कान ऐकतो, पेन्सिल पळते, आणि डोकं बापडं घरी सिलिंडर आला असेल का याची काळजी करत बसतं. अर्थाकडे लक्ष गेलं की हात मागे पडतो, म्हणून चांगला स्टेनो अर्थाच्या वाटेला जात नाही. मी फार चांगला स्टेनो होतो. तसं सगळं कोर्ट म्हणायचं आणि मला ते ऐकायला आवडायचं.

साहेब निकाल मराठीत सांगत, आणि त्यांची एक पद्धत होती. ज्याचं म्हणणं फेटाळायचं आहे, त्याचं म्हणणं ते आधी त्याच्यापेक्षा चांगलं मांडत. सरकारी वकिलांनी अर्धा तास चाचपडत जे सांगितलं असेल, ते साहेब चार वाक्यांत असं काही सांगत की वकीलसाहेब खूश होऊन गळ्यातला पांढरा बँड नीट करायला लागत. मग साहेब पाण्याचा घोट घेत आणि म्हणत, "तथापि." त्या 'तथापि'नंतर वकिलांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. एकदा चहाच्या वेळी मी धीर करून विचारलं, "साहेब, त्यांची बाजू एवढी सजवता कशाला?" ते म्हणाले, "अहो, मोडकीतोडकी बाजू पाडली तर त्यात न्याय कसला?" मी मान डोलावली. कळलं होतं असं नाही.

शिळेवरचं वाक्य ज्या खटल्यातून आलं, त्यात पेठकडच्या डोंगरातले पाच-सहा मजूर होते. भाताची कापणी आटोपून द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरलेले. बागायतदाराचा टेम्पो दुसऱ्या दिवशी येणार, म्हणून रस्त्याकडेलाच आडवे झाले. जवळच्या बागेतून पाण्याची मोटर चोरीला गेली आणि पोलिसांनी यांना उचललं. मोटर सापडली नाही, पाहणारा कोणी नाही, तरी खालच्या कोर्टाने शिक्षा दिली. अपील साहेबांपुढे आलं आणि साहेबांनी सगळ्यांना सोडलं. निकालातलं एक वाक्य मला तेव्हाच पाठ झालं होतं, अर्थाच्या वाटेला न जाताही : 'ज्याचे घर एका गावी आणि काम दुसऱ्या गावी, तो वाटेत कोठेतरी झोपणारच, त्याच्या झोपेला कायदा संशय म्हणू शकत नाही.'

निकालानंतर बाहेरच्या पडवीत त्यांतल्या एकाची बायको कडेवर पोर घेऊन उभी होती. आत काय झालं ते तिला कोणी सांगेना. पोलीस आपल्या घाईत, वकील पुढच्या केसला पळालेले. मी वही बगलेत धरून बाहेर आलो आणि म्हटलं, "बाई, सुटला तुमचा माणूस. साहेब म्हणाले, रस्त्याकडेला झोपणं हा काही गुन्हा नाही." ती म्हणाली, "पुन्यांदा सांगा." मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. माझ्या नोकरीत मी कोणाचं काही भलं केलं असेल तर तेवढंच.

निवृत्तीनंतर साहेबांनी आमच्याच कॉलनीत घर घेतलं. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर दर हिवाळ्यात डोंगरातल्या टोळ्या टेम्पोची वाट बघत एक-दोन दिवस थांबायच्या, आणि त्यांतली एक टोळी त्या बाईची होती. आता तीच टोळीची कारभारीण झालेली. नवरा पुढे छातीच्या दुखण्याने गेला. पण दर वर्षी ती नागलीचं पीठ फडक्यात बांधून साहेबांच्या फाटकाशी यायची आणि साहेब पायरीवर बसून तिच्याशी भाताचं, पावसाचं बोलायचे. कॉलनीत कुरकुर नव्हती असं नाही. चुली पेटवतात, कपडे वाळत घालतात, हे चालूच असायचं. साहेब एवढंच म्हणायचे, "दोन दिवसांचे पाहुणे आहेत." मग कोणाची पुढे बोलायची हिंमत व्हायची नाही.

साहेब गेले आणि कॉलनीने स्मारक करायचं ठरवलं. पुतळ्याला दहा ठिकाणच्या परवानग्या लागतात, म्हणून शिळा, आणि तिच्याभोवती बसायला कट्टा. कॉलनीचे अध्यक्ष मनाने वाईट माणूस नाही. कोणाला दवाखान्यात न्यायचं तर मध्यरात्रीही गाडी काढेल असा. त्यांनी मला घरी बोलावून सांगितलं, "काका, साहेबांचं एक वाक्य पाहिजे. तुमच्याशिवाय कोण देणार?" मी तिथल्या तिथे ते झोपेचं वाक्य म्हणून दाखवलं. त्यांनी तोंड वाकडं केलं. "स्मारकावर झोप कशी लिहायची, काका? येणारा-जाणारा हसेल. जरा भारदस्त द्या, सगळ्यांना लागू पडेल असं. आणि छोटं."

मी तिथेच म्हणायला हवं होतं की हेच लिहा, नाहीतर काही लिहू नका. पण समोरच्याने सांगितलं की लिहून घ्यायचं, या सवयीत माझी हाडं जुनी झालेली. घरी आलो आणि कपाटातून ती वही काढली. रद्दीत निघालेल्या वह्यांतल्या दोन-चार मी आठवण म्हणून ठेवल्या होत्या, त्यांत ही होती.

आता जे झालं ते आमच्या धंद्यातल्या माणसाच्याच हातून होऊ शकतं. दर निकालात येणाऱ्या लांबलचक मजकुरासाठी आम्ही छोट्या खुणा ठरवून ठेवतो. 'सरकार पक्षातर्फे असे प्रतिपादन करण्यात आले की' एवढ्यासाठी माझी खूण होती एक आकडी आणि तिच्या पोटात टिंब. त्या वहीत ती आकडी एका पानाच्या अगदी तळाला होती. मी चाळत चाळत पुढच्या पानावर आलो, आणि पानाच्या माथ्यावर वाक्य होतं : 'शांततेने जगणे हा नागरिकाचा पहिला हक्क आहे, बाकीचे सर्व हक्क त्यानंतर येतात.' काय वजन होतं त्याला! भारदस्त, छोटं, सगळ्यांना लागू पडेल असं. 'हक्क' हा शब्दसुद्धा दोनदा. मी ते वळणदार अक्षरात उतरवलं, खाली सही केली आणि जेवायच्या आत अध्यक्षांना नेऊन दिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "याला म्हणतात जज्ज!"

अनावरणाच्या दिवशी मांडव होता, खुर्च्या होत्या, पेढे होते. मला शाल-श्रीफळ दिलं. मी शाल पांघरून पहिल्या रांगेत बसलो होतो, लग्नातल्या मामासारखा. कार्यक्रम संपल्यावर त्या जुन्या खटल्यातले सरकारी वकील काठी टेकत माझ्याकडे आले. नव्वदीला टेकलेले, पण स्मरणशक्ती अशी की तारीखवार उलटतपासणी सांगतील. शिळेकडे बोट दाखवून ते हसत सुटले.

"अहो स्टेनो, हे माझं की हो!"

मला वाटलं, वयामुळे बोलतायत.

"माझं आर्ग्युमेंट आहे हे. ज्यांचा ठावठिकाणा नाही त्यांना उचलल्याशिवाय शांतता राहत नाही, असं मी म्हटलं होतं. साहेबांनी त्याला कशी इस्त्री करून दिली बघा! आणि मग 'तथापि' म्हणून मला असा आपटला…" हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. जाताना ते म्हणाले, "चला, कुठे का होईना, जिंकलो म्हणायचं."

घरी येऊन मी वहीचं मागचं पान उलटलं. आकडी तिथेच होती, पोटात टिंब घेऊन. मला त्या क्षणी कोणीतरी भर बाजारात थोबाडीत मारल्यासारखं झालं. ज्या माणसाने आयुष्यभर समोरच्याची बाजू प्रामाणिकपणे मांडली, त्याचा तो प्रामाणिकपणाच मी त्याच्या नावाखाली उलटा करून कोरला होता.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांकडे गेलो. सगळं सांगितलं, वही दाखवली, आकडी दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि विचारलं, "पण काका, या वाक्यात वाईट काय आहे?"

"ते साहेबांचं नाही."

"पण बोलले तर साहेबच ना? उच्चारले ना त्यांनी ते शब्द? आणि आता अनावरण झालं, फोटो पेपरात आले. शिळा उतरवायची म्हटलं तर लोक काय म्हणतील? तुमचंच नाव खराब होईल. सही तुमची आहे त्या कागदावर."

ते धमकी देत नव्हते, काळजीने बोलत होते, आणि नेमकं तिथेच मी ढेपाळलो. शाल अजून दांडीवर लटकत होती. आपण चुकलो असं चारचौघांत सांगायचं माझ्याच्याने झालं नाही. निकालाच्या नकलेसाठी अर्ज करू, शिक्क्याचा कागद आला की बघू, असं मनाशी म्हटलं आणि तो अर्जही केला नाही. असे महिने गेले. संध्याकाळी लोक कट्ट्यावर बसायचे, मोबाईल बघायचे. ते वाक्य कोणी वाचत असेल असं मला वाटत नव्हतं, आणि त्याचाच मला आधार वाटायला लागला होता. किती हलका झालो होतो मी!

हिवाळ्यात टोळी आली. समोरच्या प्लॉटला त्या वर्षी पत्रे ठोकलेले होते, बांधकाम निघणार म्हणून. त्या बाईने इकडेतिकडे बघितलं आणि सगळ्यांना घेऊन सरळ साहेबांच्या कट्ट्यावर येऊन बसली. नाव कोणाचं ते तिने कोणाकडून तरी वाचून घेतलं होतं. भाजीला गेलेल्या माझ्या बायकोला ती आनंदाने म्हणाली, "आपल्या साहेबांचा वटा हाय, इथून कोन उठवतंय!" सायखेड्याकडच्या बागेतलं काम लांबलं होतं, टेम्पो येईना. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर फोटो आला : शिळेच्या डोक्यावर वाळत घातलेलं लुगडं. त्याखाली जो तो लिहायला लागला.

दहाच्या सुमाराला अध्यक्ष वॉचमनला घेऊन तिथे गेले. मी दळण घेऊन परतत होतो. बाई उभी राहून सांगत होती, "उद्या टेम्पो येतोय, दादा. एक दिस."

अध्यक्ष नरमाईनेच बोलत होते. "मावशी, माझं काही नाही. पण ज्या साहेबांचं नाव घेता, त्यांनीच काय म्हटलंय ते बघा." आणि त्यांनी शिळेवर बोट फिरवत शब्द न् शब्द वाचून दाखवला. शांततेने जगणे हा नागरिकाचा पहिला हक्क आहे. बाकीचे सर्व हक्क त्यानंतर येतात. "म्हणजे इथे राहणाऱ्यांची शांतता आधी. हे मी नाही, साहेब म्हणतात."

ती म्हणाली, "साहेब असं म्हननार नाय."

"हे बघा, काकाच आले. साहेबांचे स्टेनो. त्यांनीच दिलंय. विचारा त्यांना."

ती वळली. तिने मला ओळखलं. दर वर्षी साहेबांच्या पायरीशी मी तिला बघत होतो, तीही मला. पिठाचा डबा माझ्या हातात होता आणि तो खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

"भाऊ, साहेब म्हनले व्हते असं?"

"नाही, बाई." निदान तेवढं तरी माझ्या तोंडून निघालं. "हे साहेबांचं नाही. हे समोरच्या वकिलाचं. साहेबांनी हे खोडलं होतं. माझ्या हातून चुकीचं पान उतरवलं गेलं."

"काका, हा विषय इथे नको," अध्यक्ष हळूच म्हणाले.

बाई माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, हिशेब लागत नसल्यासारखी. "तवा कोर्टातबी तुमीच उतरवीत व्हते ना?"

"हो."

"आन भायेर येऊन तुमीच सांगितलं. झोपनं गुन्हा नाय म्हून."

"ते खरं होतं, बाई. अगदी खरं."

"माझा मानूस मरस्तवर तेच सांगायचा. पोलीस आला का म्हनायचा, जज्जानं म्हनलंय." तिने शिळेवरून हात फिरवला. "आन हितं दगडावर हे. मंग आमी खरं कोनतं धरावं?"

मी डबा तिथेच ठेवून घरी धावलो. धावलो म्हणजे या वयात जेवढं धावता येतं तेवढं. वही घेऊन आलो, पान काढलं आणि मोठ्याने वाचलं. ज्याचे घर एका गावी आणि काम दुसऱ्या गावी. शेवटपर्यंत वाचलं. टोळीतल्या बाया, गडी उभे राहून ऐकत होते. अध्यक्ष दुसरीकडे बघत होते. बाईने पुढे होऊन वहीत डोकावलं. तिथे रेघा, आकड्या आणि टिंबं.

"हे वाचता येतं कुनाला?"

"मला येतं."

"आनखी कुनाला?"

माझ्या खुणा माझ्याच होत्या. "नाही," मी म्हटलं.

"सरकारी कागद हाय का? शिक्क्याचा?"

"अर्ज करावा लागेल. मी करणार आहे."

"म्हंजे नाय."

"बाई, मी तुम्हाला चांगल्या मराठीत लिहून देतो. आत्ता. साहेबांचे शब्द जसेच्या तसे, खाली माझी सही. कोणी उठवायला आलं तर दाखवा."

ती मागे वळली. मग शिळेवरचं लुगडं काढून तिने घडी घातली.

"नको," ती म्हणाली. "तुमच्या हातचं नको."

तिने टोळीला हाक मारली. त्यांनी गाठोडी उचलली, विझलेल्या चुलीचे दगड नीट बाजूला लावले आणि ते पेठ नाक्याच्या दिशेने चालू लागले. एकानेही मागे वळून बघितलं नाही. साहेब गेले त्या दिवशी मला इतकं पोरकं वाटलं नव्हतं. त्या दिवशी साहेबच गेले होते. आज त्यांचं म्हणणंही गेलं, आणि ज्यांच्यासाठी ते म्हणाले होते त्यांच्यातूनच गेलं.

वॉचमनने माझा पिठाचा डबा उचलून हातात दिला. "बरं झालं, काका, तुम्ही समजावलं," तो म्हणाला. "माझं तर ऐकतच नव्हत्या."

दुपारी ग्रुपवर अध्यक्षांचा निरोप आला. स्मारकाजवळचा प्रश्न आपल्या ज्येष्ठ काकांच्या मध्यस्थीने सामंजस्याने सुटला आहे, काकांचे मनःपूर्वक आभार. त्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं एकामागून एक येत होती. मी चष्मा लावला, सगळी वाचली आणि खाली टाइप केलं, धन्यवाद.